पहिल्या घाण्याआधी : औषधाचा आराखडा आणि कायद्याचे दायित्व

आपल्या त्रैमासिकातून औषधनिर्मितीविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात योगातील घटकद्रव्ये, शोधन, भावना, अनुपान आणि अनुभूत रोगाधिकार यांची चर्चा विपुल असते. आणि ते योग्यच आहे. परंतु एखादा योग चिकित्सालयाच्या खलातून निघून बाटलीत भरला गेला, तिच्यावर लेबल चिकटले आणि ती अनोळखी माणसाच्या हाती पडली, की त्या योगाला वैद्यकाबरोबर कायद्याचेही शास्त्र लागू होते. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार वकिलाचा नाही, चुकलेल्या वैद्याचा आहे. यास्तव प्रथम माझी चूक सांगतो.

सन 2011 च्या पावसाळ्यातील गोष्ट. रत्नागिरीतील माझ्या लहानशा फार्मसीत तेव्हा संधिवातावरील एक सिद्ध तेल होत असे. त्यात भल्लातक, म्हणजे आपला बिब्बा, हे प्रमुख द्रव्य. परवाना रीतसर होता, बिब्बा विटेच्या चुऱ्यात घासून शुद्ध केलेला होता, तैलपाकही योग्य उतरला होता. बाटल्या मात्र आम्ही मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकगठ्ठा आणल्या होत्या आणि त्याच बाटल्यांत माक्याचे केशतेलही भरत होतो. तीच 100 मिलिलिटरची पांढरी बाटली, तेच हिरवे झाकण. फरक असलाच तर लेबलावरील नावाचा. लांजा तालुक्यातील एका वाडीत, वीज गेलेल्या संध्याकाळी, आजीने फडताळातील बाटली काढली आणि शाळकरी नातीचे डोके चोळून दिले. दुसऱ्या दिवशी मुलीच्या कपाळावर, कानांमागे आणि मानेवर फोड उठले. पापण्या सुजून डोळे मिटले. तिला तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले.

चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले. त्यांनी आवाज चढवला नाही. बाटली माझ्या मेजावर ठेवली आणि म्हणाले, "आयेनं वाचूनच लावलान, वैद्यबुवा. अंगावर वरून लावायचं, असंच लिवलंय ना?"

तसेच लिहिले होते. ‘केवळ बाह्योपचारासाठी’. डोके हा देहाचा बाह्य भागच होय. त्या वृद्धेने माझी सूचना अक्षरशः पाळली होती. बिब्बा हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (1) मधील द्रव्य असल्याने वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा नियम 161 प्रमाणे इंग्रजीत आणि हिंदीत छापलेला होता. नियमाने या दोनच भाषा सांगितल्या आहेत म्हणून मीही दोनच छापल्या. आजीला त्यांतील एकही वाचता येत नव्हती. त्यातून तो इशारा पोटात घेण्याच्या औषधाच्या भाषेत लिहिलेला. तेल केसांना लावणाऱ्याने त्यातून काय बोध घ्यावा?

रुग्णालयाचे बिल मी दिले. त्या गृहस्थांनी ते घेतले, दावा केला नाही. मात्र त्या घरातील कोणीही पुन्हा माझ्याकडे औषधाला आले नाही. मुलीचे डोळे वाचले, हे दैव.

पुढे कित्येक रात्री मी या प्रकरणाची निदानपंचकासारखी चिकित्सा केली. शोधनात दोष नव्हता, पाकात नव्हता, मात्रेतही नव्हता. दोष उत्पन्न झाला तो व्यापाऱ्याच्या वखारीत, बाटली निवडताना. आणि त्या निर्णयाला आम्ही दहा मिनिटेही दिली नव्हती. दुसरा दोष लेबलाचा मजकूर लिहिताना झाला, त्याला तर जुन्या लेबलाची नक्कल करण्याइतकाच वेळ लागला होता. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचे तेल आणि बिब्बा ही एकाच कुळातील द्रव्ये. आपल्या जिल्ह्यात हापूसच्या बागेत वा काजूच्या कारखान्यात काम करून ज्यांच्या हातातोंडावर पुरळ उठते अशी माणसे वाडीवाडीत आहेत. त्यांना बिब्बा अधिक बाधण्याचा संभव असतो, हे मला वैद्य म्हणून ठाऊक होते. निर्माता म्हणून ते मी लेबलावर उतरवले नव्हते.

कायदा कोठे बोट ठेवतो

ही घटना आज घडली असती तर? सन 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा अधिनियम आला आणि 20 जुलै 2020 पासून त्यातील ‘उत्पादन दायित्व’ हे सहावे प्रकरण, कलमे 82 ते 87, अमलात आले. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले होते आणि त्यावर आपल्या सभांतून पुष्कळ चर्चाही झाली. या सहाव्या प्रकरणाकडे मात्र आपले लक्ष गेलेले दिसत नाही. कारण आपण स्वतःला चिकित्सक समजतो, ‘उत्पादक’ समजत नाही.

कलम 84 निर्मात्यावर दायित्व येण्याची कारणे सांगते. माल तयार करताना दोष राहणे, निर्मितीच्या ठरलेल्या मानकापासून तो ढळणे, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे तो नसणे, ही कारणे आपल्याला सहज समजतात. उरलेली दोन पाहा : आराखड्यातच दोष असणे, आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इजा टाळणारा इशारा नसणे. माझ्या तेलाचा प्रत्येक घाणा मानकाबरहुकूम होता. तरीही या दोन कारणांखाली मी सापडलो असतो. किंबहुना, आराखड्यातील दोषाचे वैशिष्ट्य हेच की तो एका बाटलीत नसतो, प्रत्येक बाटलीत असतो. स्पष्ट हमीच्या बाबतीत तर कायदा अधिक कठोर आहे. ती हमी देताना आपण निष्काळजी नव्हतो, लबाडी केली नाही, असे सिद्ध केले तरी निर्माता सुटत नाही. ‘पूर्णतः निर्धोक’, ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ ही वाक्ये आपल्याकडे लेबलावर किती सहज छापली जातात, ते आठवावे. त्या वाक्यांनी एक बाटलीही अधिक खपत नाही, असे माझे मत आहे.

‘निर्माता’ कोण, याचेही उत्तर अधिनियमात व्यापक आहे. दुसऱ्याने केलेल्या मालावर जो स्वतःची मुद्रा लावतो किंवा लावून घेतो तोही निर्माताच. विक्रीपूर्वी वस्तूचा आराखडा करणाराही त्यात येतो. आज आपल्यापैकी अनेक जण स्वतःचा योग दुसऱ्याच्या कारखान्यात करवून घेतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. "माल त्यांनी केला, मी केवळ नाव दिले," हा बचाव तेथे चालणार नाही. सबब कारखान्याशी करार करतानाच कच्च्या मालाची तपासणी कोणी करावी, नमुने कोणी जपावेत, माल परत मागवण्याची वेळ आली तर खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे. मी पाहिलेल्या बहुतेक करारांत दर आणि मुदत यांपलीकडे काही नसते.

औषधी दुकानदारांनी कलम 86 आवर्जून वाचावे. निर्माता कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर दायित्व विक्रेत्याकडे येते. निर्मात्याने पाठवलेला इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवला नाही तरीही येते. ज्या मलमाच्या डबीवर धड पत्ता नाही, ती दोन रुपये जास्त सुटतात म्हणून मांडणीवर ठेवणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

कोणी म्हणेल, कलम 87 मध्ये सूट आहे. आहे खरी. जी वस्तू कायद्याने केवळ तज्ज्ञानेच, किंवा त्याच्या देखरेखीखालीच, वापरावयाची वा द्यावयाची आहे आणि त्या तज्ज्ञाला निर्मात्याने इशारे व सूचना देण्याचे वाजवी उपाय केले आहेत, तिच्याबाबत इशारा न दिल्याचे दायित्व निर्मात्यावर येत नाही. पण आयुर्वेदीय औषधाच्या विक्रीला परवानाच लागत नाही. आपले आसव वाण्याच्या दुकानातही मिळते. लेबलावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली’ असे छापायचे आणि माल किराणा दुकानाच्या मांडणीवर पाठवायचा, अशा निर्मात्याने या सुटीचा आसरा मागितला तर आयोग तो सहजी देईल असे मला वाटत नाही. ज्याला ही सूट हवी त्याने वितरणाचा मार्गही आराखड्यातच ठरवावा : हे औषध फक्त वैद्यांनाच द्यावयाचे, त्यांना लेखी माहितीपत्रक पाठवावयाचे आणि त्याची पोच जपावयाची.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला औषध कायद्याच्या कलम 33 ईईसी मध्ये परवान्यातून, आणि अनुसूची टी मध्ये उत्तम निर्मिती पद्धतीच्या बंधनातून, मोकळीक आहे. ही मोकळीक औषध कायद्यापुरती आहे, ग्राहक कायद्यापुरती नाही. शिवाय ‘स्वतःचे रुग्ण’ ही मर्यादा कोकणात फार सैल होते. गणपतीला आलेला चाकरमानी परतताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चार बाटल्या नेतो. पुढे त्यांतील एक शेजारी पैसे पाठवून आणखी सहा मागवतो. त्या सहा बाटल्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांची नाडी आपण कधी पाहिली?

कोकमाची कॅप्सूल

आता प्रत्यक्ष आराखडा कसा तपासावा, ते एका उदाहरणाने पाहू. मध्यंतरी एका तरुण वैद्याने मला आपली योजना दाखवली. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, आपल्या दारची वस्तू आपणच का वापरू नये, असा त्याचा रास्त सवाल. त्याला कोकमाच्या सालीचे तीव्र सत्त्व काढून मेदोरोगावर कॅप्सूल करावयाची होती. नाव ठरले होते, डबीचे चित्रही झाले होते. चित्रात एक जाड आणि एक सडपातळ स्त्री होती.

आम्ही ते चित्र बाजूला ठेवले आणि एक कोरा कागद घेतला.

पहिला प्रश्न ग्रंथाधाराचा. ‘पेटंट व प्रोप्रायटरी’ औषधातील सर्व घटक औषध कायद्याच्या प्रथम अनुसूचीतील ग्रंथांतल्या योगांमध्ये सांगितलेले असावे लागतात. वृक्षाम्ल चरकात आहे, भावप्रकाशात आहे. येथे अडचण नव्हती. (सर्वच स्थानिक वनस्पतींचे तसे नसते. ‘आमच्याकडे आजोबांपासून वापरतात’ हा आधार अर्जात चालत नाही.)

दुसरा प्रश्न कल्पनेचा. ग्रंथातील वृक्षाम्ल म्हणजे फळ वा साल. त्याने योजलेले द्रव्य म्हणजे द्रावकाने काढलेले, विशिष्ट आम्लाचे प्रमाण वाढवलेले सत्त्व. 10 ऑगस्ट 2010 रोजी आलेला नियम 158-बी हा भेद स्पष्ट करतो. जलीय किंवा जल-मद्यार्की सत्त्व निराळे आणि अन्य द्रावकाने काढलेले सत्त्व निराळे. दुसऱ्याला तीव्र व दीर्घकालीन विषाक्तता, जनुकीय दोष आणि गर्भावरील परिणाम यांचे अभ्यास लागतात. पुरवठादाराला विचारल्यावर त्याने द्रावकाचे नावच सांगितले नाही, ‘व्यापारी गुपित’ म्हणाला. तेथेच तो पुरवठादार बाद व्हावयास हवा होता आणि झालाही.

तिसरा प्रश्न पूर्वानुभवाचा; येथे वैद्याने जगाकडे पाहावे. कोकमाच्या सालीत जे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते तेच त्याच्या भाऊबंदांत, दक्षिणेकडील गार्सिनिया कॅम्बोजियात, असते. अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘हायड्रॉक्सीकट’ या मालिकेतील काही उत्पादनांत त्याचे सत्त्व होते. 1 मे 2009 रोजी तेथील औषध प्रशासनाने ती उत्पादने थांबवण्याचा इशारा ग्राहकांना दिला. यकृताच्या गंभीर विकाराच्या 23 तक्रारी आणि एक मृत्यू त्यामागे होता. निर्मात्याने चौदा उत्पादने बाजारातून परत घेतली. त्या मिश्रणांत घटक अनेक होते आणि नेमक्या कोणत्या घटकाने यकृत दुखावले हे तेव्हा ठरले नाही. याचा अर्थ सोलकढी घातक असा मुळीच नाही. परंतु रोजच्या भोजनातील चार आमसुले आणि दिवसाला सहा कॅप्सूल यांत मात्रेचा व कल्पनेचा भेद आहे, तो आपण इतरांना शिकवतो आणि स्वतःच्या मालाच्या वेळी विसरतो. ही माहिती जगजाहीर असताना लेबलावर यकृतविकाराचा उल्लेख नसेल, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर आयोगापुढे कसे द्यावे? आराखड्यात आम्ही लिहिले : कावीळ होऊन गेलेले, मद्यपी, गर्भिणी, स्तन्यदा आणि मधुमेहाची औषधे चालू असलेले यांना निषिद्ध; डोळे पिवळे दिसल्यास, लघवी गडद झाल्यास औषध तत्काळ थांबवावे.

चौथा प्रश्न दाव्याचा. औषधे व जादुई उपाय कायदा, 1954 च्या अनुसूचीत मधुमेहाप्रमाणे स्थौल्याचाही समावेश आहे. त्या कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दात लेबल आणि वेष्टनही येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणजे डबीवरील त्या दोन स्त्रियांचे चित्र वर्तमानपत्रात न छापताही जाहिरात ठरले असते. डिसेंबर 2018 मध्ये आलेला नियम 170 जुलै 2024 मध्ये वगळला गेला, ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. या घडामोडींमुळे जाहिरातीला आता मोकळे रान मिळाले, असे काही जण समजतात. 1954 चा कायदा जागच्या जागी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 21 खाली 10 लाख रुपयांपर्यंत दंडही आहे, आणि तो पुन्हा केलेल्या अपराधाला 50 लाखांपर्यंत जातो. नोंदणीकृत वैद्यांना गोपनीय रीतीने पाठवावयाच्या माहितीपत्रकाला 1954 च्या कायद्यात विहित पद्धतीने मुभा आहे. शास्त्रीय चर्चा तेथे करावी.

पाचवा प्रश्न मी विचारला तेव्हा तो तरुण हसला : साल वाळवणार कशात, शिजवणार कशात? कोकम अत्यंत आम्ल. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात आपल्या आजीने कधी आमसुलाचे सार केले नसते. आणि कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असेल तर? सन 2004 मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा आपण सर्वांनी भस्मांच्या शोधन-मारणाची बाजू मांडली. ती मांडणे आवश्यकच होते. पण धातू केवळ भस्मातूनच येतो असे नाही. तो मातीतून, दळण्याच्या यंत्रातून, भांड्यातूनही येतो. 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा दशलक्षात 10 भाग, कॅडमियमची 0.3. मुंबईला जाणाऱ्या मालाचे यकृत-वृक्क परदेशी जाणाऱ्या मालाच्या गिऱ्हाइकाहून कणखर असतात, असे समजण्याचे कारण नाही.

त्या तरुण वैद्याने शेवटी कॅप्सूल सोडली. सालीचे साधे चूर्ण, दीपन-पाचनाच्या ग्रंथोक्त अधिकारासह, त्याने पुढे आणले आहे. नफा कमी आहे. तो नाराज होता हेही सांगितले पाहिजे.

नाव एक, द्रव्य दोन

द्रव्याची ओळख हा दायित्वाचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग होय. बेल्जियममधील ब्रसेल्सच्या एका चिकित्सालयात 1990 च्या सुमारास वजन घटवण्यासाठी चिनी वनौषधी दिल्या जात. ‘फांग ची’ या नावसाधर्म्यामुळे एका मुळाच्या जागी ॲरिस्टोलोकियाचे मूळ आले. शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, वृक्के निकामी झाली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. 1993 साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. त्याच जातीकुळातील ईश्वरी, सापसंद, आपल्या जंगलात आहे.

दूर कशाला जावे? करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. सन 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर हरकत घेतली आणि सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी, टिनोस्पोरा क्रिस्पाशी, गल्लत होण्याचा मुद्दा पुढे आणला. हा वाद कसा सोडवावा याबद्दल वैद्यांत मतभेद राहतील. निर्मात्यापुढे मात्र दोन्ही बाजू एकच मागणी ठेवतात. वेल अस्सल असेल तर इशारा दाखवा. गल्लत झाली असेल तर ओळख पटवल्याची नोंद दाखवा. ज्याच्या दफ्तरात कच्च्या मालाचा जपलेला नमुनाच नाही तो दोन्हीकडून अडकतो. बाजारातील वावडिंगात आटकीची फळे आणि अशोकसालीत खोट्या अशोकाची साल, ही भेसळ तर आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. जे इतके सर्वज्ञात आहे ते न तपासणे हा अपघात ठरत नाही.

आणखी एक उदाहरण महाराष्ट्राला विसरता येणार नाही. सन 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी किती ठिकाणी तुटली होती ते उघडे पाडले. औद्योगिक कामाचे आणि औषधी प्रतीचे, दोन्ही ‘ग्लिसरीन’च. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, 2025 च्या शरदात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तेच विष खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालकांचा बळी घेऊन गेले. त्यांतील अनेकांवर उपचार नागपूरला चालू होते. ही दोन्ही आधुनिक वैद्यकाची औषधे होती, हे खरे. परंतु आपले ‘कासहर सिरप’ कशात केले जाते? साखरेच्या पाकाला पोत यावा म्हणून ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आपल्याही कारखान्यांत पिंपांनी येते. आराखड्याच्या वेळी विचारावयाचा प्रश्न साधा आहे : हे द्रव्य येथे हवेच आहे काय? मध, काकवी वा गुळाच्या पाकात योग बसत असेल तर ते पिंप कारखान्यात येऊच नये. हवेच असेल तर प्रत्येक पिंपाची त्या विषासाठी तपासणी करावी, केवळ पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. तपासणीचा खर्च बाटलीच्या किमतीत आधीच धरावा. नंतर तो कोणीच धरत नाही.

दफ्तर

2011 नंतर आमच्या फार्मसीत कोणत्याही नव्या योगाचा पहिला घाणा चढण्यापूर्वी एक पान लिहिले जाते. त्याला आम्ही ‘आराखडा-पत्र’ म्हणतो. हे औषध कोण घेईल, कोण चुकून घेईल, अंधारात ते कशासारखे दिसेल, दुप्पट घेतले तर काय होईल, कोणाला निषिद्ध, दावा कोणता आणि त्याला ग्रंथ कोणता, पर्याय कोणते होते आणि ते का सोडले, एवढेच त्यात असते. खाली दिनांक व सही. पर्याय का सोडले हे लिहिणे सर्वांत कंटाळवाणे, आणि माझ्या वकील मित्राच्या मते सर्वांत मोलाचे. आराखड्यात दोष होता असा आरोप झाला तर, आपण विचार केला होता याचा तोच एक पुरावा.

हे कागद किती काळ जपावेत? ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे; पण कारण कधी घडेल हे औषधाच्या आयुष्यावर अवलंबून. आसवारिष्टांची वापराची मुदत नियम 161-बी प्रमाणे 10 वर्षे. म्हणजे आज भरलेली अरिष्टाची बाटली नवव्या वर्षीही कोणी वैध रीतीने उघडू शकतो. आम्ही मुदतीपुढे आणखी तीन वर्षे कागद आणि नमुना दोन्ही ठेवतो. आपल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, म्हणून पत्र्याच्या पेटीत कापूर-वेखंड घालून ठेवतो. अलीकडे छायाचित्रही काढून ठेवतो. विमा कंपनीने उत्पादन-दायित्वाचा विमा देताना हीच पेटी आधी उघडून पाहिली.

बिब्ब्याचे तेल आजही होते. बाटली आता तपकिरी काचेची, चपटी, अरुंद तोंडाची. तेल थेंबाथेंबाने पडते, ओंजळीत ओतता येत नाही. झाकण लाल. लेबलावर इंग्रजी-हिंदी इशाऱ्यावर मराठीत ठळक छापले आहे : ‘यात बिब्बा आहे. फक्त दुखऱ्या सांध्यावर. डोके, चेहरा, जखम यांवर लावू नये. लहान मुलांना लावू नये. आंबा-काजूच्या चिकाने अंगावर उठणाऱ्यांनी वापरू नये. आग झाल्यास खोबरेल लावून पुसून काढावे व वैद्यांकडे जावे.’ बारा रुपयांनी बाटली महागली.

मजकूर छापायला देण्यापूर्वी तो आम्ही एका बाईंकडून वाचून घेतो. आमच्याकडे बाटल्या भरणाऱ्या ताईंच्या त्या सासूबाई; वय सत्तरीपुढचे, शिक्षण चौथीपर्यंत, चष्मा एका काडीचा. बाटली त्यांच्या हातात द्यायची आणि हे कशाचे, कसे वापराल, एवढेच विचारायचे. आपण मध्ये बोलायचे नाही. गेल्या महिन्यात त्यांना नव्या दंतमंजनाची डबी दिली. त्यांनी लेबल सावकाश वाचले, डबी उघडून वास घेतला आणि विचारले, "गोड लागतं ह्ये. पोरानं गिळलंन तर?"

लेबलावर त्याचे उत्तर नव्हते. आराखडा-पत्रातही नव्हते. ते मंजन अद्याप बाजारात गेलेले नाही.